तीन फुटांचा किनारा

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवणं ही महागडी हौस आहे. गंमत अशी की ती सगळीकडे एकसारखीच दिसते. हॉल बोरिवलीचा असो की कोथरूडचा, निळा दिवा, पांढरीशुभ्र वाळू, जांभळट खडक आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश हे ठरलेलं. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ आला आणि या ठरलेल्या चित्रावर जगभर शिक्का बसला. ज्या टाक्या ‘निसर्गाची हुबेहूब प्रतिकृती’ म्हणून दाखवल्या जातात, त्यांतला निसर्ग इंडोनेशियाचा, मालदीवचा, फार तर लक्षद्वीपचा. अरबी समुद्र दारात असलेल्या माणसाच्या टाकीत अरबी समुद्र नसतो.

हीच हौस शिरगावच्या माणसाला लागली तर त्याने काय करावं, हा या लेखाचा विषय.

पालघर स्टेशनच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर शिरगाव. सुरूची रांग, रुंद चौपाटी आणि गावालगत पोर्तुगीज काळातला किल्ला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर या ठाण्यांबरोबर तोही मराठ्यांकडे आला. उत्तरेला सातपाटी, खाडीपलीकडे मुरबे, दक्षिणेला माहीम-केळवे. पाणी बघाल तर दुधाळ चहासारखं. मुंबईहून आलेला पाहुणा ते बघून नाक मुरडतो आणि समुद्र घाण झालाय म्हणतो. घाण आहेही, त्याकडे पुढे येऊच. पण हा रंग घाणीचा नाही. नर्मदा आणि तापी यांनी खंबातच्या आखातात आणून टाकलेला गाळ आणि दिवसातून दोनदा तो ढवळून काढणारी मोठी भरती यांचा तो रंग आहे. एवढ्या गढुळात ऊन खोलवर पोचत नाही. म्हणून इथे प्रवाळांची बेटं उभी राहत नाहीत. पण याच गढुळावर बोंबील पोसतो, कोळंबी पोसते, जवळा पोसतो. सौराष्ट्र ते मुंबई या पट्ट्यात बोंबील मुबलक आणि कोकणात खाली जावं तसा दुर्मीळ, तो उगाच नाही. मुरब्याच्या एका बोटीला २०२१च्या ऑगस्टमध्ये दीडशेहून अधिक घोळ एका खेपेत लागली आणि ती सव्वा कोटीहून जास्त रकमेला विकली गेली, ही बातमी देशभर फिरली. ती घोळही याच पाण्यातली.

तेव्हा शिरगावची टाकी करायची म्हणजे निळ्या दिव्याला रजा द्यायची, एवढं तर उघड आहे. मग तिच्यात घालायचं काय? बहुतेक जण इथे माशांची यादी काढतात. माझ्या मते तिथेच गाडं चुकतं. या किनाऱ्याला त्याचं रूप कुठल्या एका माशाने दिलेलं नाही, ते भरती-ओहोटीने दिलेलं आहे. आधी टाकीत भरती-ओहोटी आणायची, मग त्यात कोण राहू शकेल ते बघायचं.

मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाचं पाणी पावणेपाच मीटरच्या आसपास चढतं आणि उत्तरेकडे आखाताच्या दिशेने भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. लक्षद्वीपला हाच फरक दीड मीटरच्याही आत असतो. प्रवाळाची टाकी कायम काठोकाठ भरलेली ठेवली तरी तिथल्या जिवांचं फार बिघडत नाही, ते त्यामुळे. आपल्याकडचा जीव मात्र निम्मा वेळ पाण्यात आणि निम्मा वेळ उन्हात काढतो. किनाऱ्याच्या दगडावर सर्वांत वर, जिथे फक्त शिंतोडे पोचतात तिथे बारीक गोगलगायी. त्याखाली दगडाला घट्ट चिकटलेली बार्नेकलची टोकदार पांढरी घरं. त्याखाली कालवं. अगदी खाली, उधाणाच्या ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या कपारींत समुद्रफुलं, स्पंज, काटेरी अंगाचे किडे, लपून बसलेली खरब्यासारखी बारीक मासळी. दगड तोच, पण दर वीतभर उंचीवर वस्ती बदलते. कोण किती तास कोरडं राहू शकतो, यावरून प्रत्येकाची पायरी ठरलेली.

असल्या किनाऱ्यावरची नेरिटा गोगलगाय आणून काठोकाठ भरलेल्या टाकीत सोडली की ती पहिल्याच रात्री काच चढून बाहेर येते. सकाळी ती सोफ्याखाली सापडते आणि मालक झाकण बदलतो. तिला पळायचं नव्हतं. तिला ओहोटी हवी होती.

भरतीची वेळ सांगणारा एक जुना ठोकताळा आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. मुंबई परिसराला तो ढोबळपणे लागू पडतो आणि पालघर-डहाणूकडे काही मिनिटांची सवलत द्यावी लागते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, कारण एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सरासरी बारा तास पंचवीस मिनिटं जातात. घड्याळ चोवीस तासांचं आणि समुद्र चोवीस तास पन्नास मिनिटांचा. बाजारात मिळणारा प्लगचा साधा टायमर इथे निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. चालू आणि बंद यांचे तास-मिनिटं वेगवेगळे ठरवता येतील असा टायमर घ्यायचा आणि सहा तास बारा मिनिटं चालू, सहा तास तेरा मिनिटं बंद असा लावायचा. वीज गेली की हा टायमरही भलत्या वेळेवर जाऊन बसतो. तेव्हा कालनिर्णय काढून तिथीची पाऊणपट करून तो पुन्हा जुळवायचा. प्रयोगशाळेत समुद्रापासून तोडून ठेवलेले एक नांगी मोठी असलेले खेकडेही काही दिवस किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या तालातच हालचाल करत राहतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या फ्रँक ब्राऊन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांपासून माहीत आहे. या जिवांच्या अंगातच ते घड्याळ असतं, म्हणून एवढी कटकट.

आता यंत्रणा. ती वाटते तितकी अवघड नाही. वर तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. काठोकाठ भरली तर तिच्यात एकशे नव्वद लिटर मावतं. खाली स्टँडमध्ये शंभर लिटरची दुसरी टाकी. वरच्या टाकीत दगडांचा उतार असा रचायचा की एका टोकाला तो पाण्याच्या वर डोकं काढेल आणि दुसऱ्या टोकाला तळाशी खोल डबकं राहील. भरतीला चौदा इंच पाणी, ओहोटीला सहा इंच. या आठ इंचांत सुमारे पंच्याऐंशी लिटर पाणी वर-खाली करतं, दगडांनी अडवलेली जागा वजा केली तर त्याहून कमी. वरच्या टाकीला सहा इंचांच्या उंचीवर एक बारीक कॉक. त्यातून ताशी चौदा लिटर पाणी सतत खाली उतरत राहील. खालचा पंप ताशी अठ्ठावीस लिटर वर चढवेल, पण फक्त त्याच्या सहा तासांत. पंप चालू असेल तेव्हा पाणी हळूहळू चढेल, बंद झाला की हळूहळू उतरेल.

कॉक सहा इंचांवरच का, याला कारण आहे. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात जूनच्या पहिल्या वाऱ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही. पंप बंद पडला तर वरचं पाणी सहा इंचांपर्यंत उतरून थांबेल आणि तळातल्या डबक्यात सगळे जिवंत राहतील. कॉक तळाशी बसवला तर तासभर लाइट गेल्याने नाही, पण रात्रभराच्या खोळंब्यात टाकी कोरडी होईल. तसंच चौदा इंचांवर एक जाड ओव्हरफ्लो पाइप हवाच, कारण टायमर चालूवर अडकला तर जमिनीवर उधाण येईल. खालची टाकी वरून उतरणारं सगळं पाणी सामावून घेईल एवढी मोठी ठेवायची. आणि वजन: पाणी, दगड, काच आणि स्टँड मिळून अडीच-तीनशे किलो सहज होतात. जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर हा उद्योग करू नये.

कोणता किनारा उभा करायचा, हा पुढचा प्रश्न. शिरगावच्या आसपास तीन प्रकारचे किनारे आहेत आणि तिन्ही सारखेच सोपे नाहीत.

वाळू बघायला सर्वांत सोपी. ओहोटीला चौपाटीवर हजारो बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. मटारच्या दाण्याहून लहान खेकडे ती काढतात. ओल्या वाळूच्या कणांवरचा जिवाणू आणि शेवाळ यांचा थर ते तोंडाने खरवडून खातात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. पाणी परतलं की बिळात. हा खेकडा टाकीत आणला तर तीन फुटांतली वाळू तो काही दिवसांत चघळून संपवतो आणि मग उपाशी राहतो. त्याला समुद्राने दर बारा तासांनी नव्याने वाढलेलं ताट लागतं. ते ताट वाढणं आपल्याच्याने होत नाही. म्हणून वाळूचा किनारा किनाऱ्यावरच बघावा.

दुसरा किनारा खाडीच्या चिखलाचा, तिवराच्या मुळांचा. इथला नायक निवटी. कोळी-मांगेला घरांत ती खाण्याची गोष्ट. ओहोटीला गुडघाभर चिखलात हात घालून बिळातून पकडायची, आणि तिखट कालवण करायचं. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा मासा जमिनीवर राहायला शिकत असलेला जीव आहे. ओल्या कातडीतून आणि कल्ल्यांच्या कप्प्यात धरून ठेवलेल्या ओलाव्यातून तो श्वास घेतो, पुढच्या परांवर रांगतो, डोळे डोक्यावर घेऊन फिरतो आणि ते ओले ठेवायला खोबणीत खाली ओढून घेतो. निवट्यांच्या काही जाती बिळाच्या आत हवेचा कप्पा ठेवतात आणि अंडी त्या कप्प्यात घालतात. पाण्यातला मासा बिळात तोंडाने हवा भरून नेतो, ही कल्पनाच मला टाकीतल्या कुठल्याही नीलरंगी माशापेक्षा विलक्षण वाटते.

पण सगळ्या निवट्या सारख्या नाहीत. आपल्याकडे जी जास्त खाल्ली जाते ती बोलिओफ्थॅल्मस जातीची. ती चिखलावरच्या सूक्ष्म शेवाळाचा थर डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत खरवडून खाते. म्हणजे प्रश्न पुन्हा त्या बारीक खेकड्याचाच: एवढा चिखल, एवढं ऊन, एवढं शेवाळ टाकीत कुठून आणणार? पेरिओफ्थॅल्मस जातीच्या निवट्या मांसाहारी असतात. जवळा, किडे, बारीक कोळंबी खातात आणि बंदिवासात त्यामानाने निभावतात. नर आपली जागा राखायला भांडतात, तेव्हा तीन फुटांत एकच नर. वर काचेचं झाकण हवंच, कारण टाकीतली हवा दमट राहिली नाही तर निवटीची कातडी सुकते. तरीही चिखलाची टाकी नवशिक्याने करू नये. चिखलात तीन-चार इंच खाली प्राणवायू नसतो, तिथे गंधकाचा काळा थर जमतो आणि तो ढवळला तर सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास जिथून येतो तो हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो.

तिसरा किनारा खडपाचा. शिरगावची चौपाटी वाळूची आहे, पण याच किनारपट्टीवर उत्तरेला वाढवणपर्यंत खडपाचे मोठे पट्टे आहेत. सातपाटीला किनाऱ्याची धूप अडवायला जो दगडी बंधारा घातलाय तो जीवशास्त्राच्या दृष्टीने माणसाने बांधलेलं खडपच आहे. दगड टाकल्यावर वर्षभरातच बार्नेकल येतात, मग कालवं, मग गोगलगायी, मग कपारीत खेकडे. बंधाऱ्याने गाव किती वाचलं हा वेगळा वाद. पण आपल्या टाकीचा नमुना म्हणून तो उत्तम, कारण त्याची सुरुवात कशी झाली हे गावातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून माझा कौल खडपाला. आणि दगड किनाऱ्यावरून उचलायचा नाही. उचललेल्या दगडाबरोबर त्याच्यावरची सगळी वस्ती उचलली जाते आणि त्यातली बहुतेक टाकीत आठवड्याभरात मरून पाणी नासवते. पालघरच्या खदानीत मिळणारा काळा दगड घ्यावा. बेसॉल्ट पाण्यात काही सोडत नाही, काही बिघडवत नाही. मात्र पाण्याचा सामू घसरू नये म्हणून कॅल्शियम कार्बोनेट लागतं, ते काळ्या दगडात नाही. त्यासाठी तळाशी शिंपल्यांचा जाड चुरा. घरात तिसऱ्या खाल्ल्या की टरफलं उकळून, वाळवून, कुटून ठेवायची. चौपाटीची वाळू पोतं भरून आणू नये. किनाऱ्यावरून वाळू काढायला किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनी बंदी आहे.

खडपाची हौस करण्यापूर्वी एका इंग्रज कुटुंबाची गोष्ट माहीत असावी. फिलिप हेन्री गॉस हा किनाऱ्यावरच्या जिवांचा अभ्यासक. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं त्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि पुढच्या वर्षी त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं. पुस्तक वाचून इंग्लंडभर खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं वेड लागलं. डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी हौशी लोकांनी टोपल्या आणि हातोड्या घेऊन रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात, वडिलांच्याच पुस्तकाने वडिलांचा आवडता किनारा कसा उजाड केला, याचं दुःख मांडलं. तिथे उजाड व्हायला पन्नास वर्षं लागली. आता व्हिडिओवर बघून शनिवार-रविवारी केळव्याला येणाऱ्यांची संख्या बघता आपल्याकडे इतकी लागू नयेत.

याच्या उलट दिशेची गोष्ट जकार्ताची. ली चिन एंग या हौशी माणसाने १९६१ साली अमेरिकेतल्या एका मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत लिहिली. रासायनिक गाळण्या नाहीत, जंतुनाशकं नाहीत. समुद्रातला जिवंत दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे, एवढंच. दगडाच्या छिद्रांत राहणारे जीवच पाणी स्वच्छ ठेवतात, हे त्याने दाखवलं. आज जगभर ‘नैसर्गिक पद्धत’ म्हणून जे चालतं त्याचं मूळ इथे आहे. आपण उचललेला दगड वापरणार नाही, पण ते जीव आपल्यालाही लागतात. म्हणून सहा-आठ आठवडे टाकी मासा-खेकड्याशिवाय चालवायची. कोळंबीचा एक तुकडा टाकायचा. तो सडतो, अमोनिया तयार होतो. खाडीच्या कडेची मूठभर ओली वाळू टाकली असेल तर तिच्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. खाऱ्या पाण्याचा सामू जास्त असल्याने त्यातला अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त जहरी ठरतो. गोड्या पाण्याचा अनुभव असलेले लोक इथे फसतात, ते घाई करतात. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय पहिली गोगलगाय सोडायची नाही.

पाण्याचा प्रश्न वरवर हास्यास्पद वाटतो. समुद्र समोर असताना पाणी विकत कशाला? कॅन घ्यावा, भरावा. पण उथळ पाण्यात जिवंत प्लवक भरपूर असतं. बंद कॅनमध्ये ते मरतं आणि दोन दिवसांत पाण्याला वास येतो. समुद्राचं पाणी वापरायचंच तर उधाणाच्या भरतीला, खाडीच्या तोंडापासून लांब, जमल्यास बोटीतून घेतलेलं घ्यावं. जाड कापडातून गाळावं, अंधारात तीन-चार आठवडे झाकून ठेवावं, गाळ तळाशी बसला की वरचं निवळ घ्यावं. आणि इथे मघाशी बाजूला ठेवलेला घाणीचा मुद्दा येतो. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडलं जातं. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली आणि २०२२ साली न्यायाधिकरणाने तिथल्या कारखान्यांवर पर्यावरण भरपाईचा बोजा टाकला. ज्या समाजाचं पोट या पाण्यावर चालतं त्याला हे पाणी वाचवायला न्यायालयात जावं लागलं. टाकीवाल्याला त्याच्या तुलनेत काहीच भोगावं लागत नाही. त्याने फक्त पाणी दक्षिणेकडून, केळवे-माहीमच्या बाजूने घ्यावं.

तयार समुद्री मीठ हा दुसरा मार्ग. इथे घरोघरी सुचणारी युक्ती म्हणजे मिठागरातलं जाडं मीठ. स्वस्त आणि ‘समुद्राचंच’. पण मिठागर समुद्राचं पाणी आटवताना त्याचे भाग वेगळे करतं. आटत आटत पाणी पाचव्या हिश्शावर आलं की चुन्याचे क्षार तळाशी बसलेले असतात आणि जिप्सम बसू लागतं. दहाव्या हिश्शाच्या आसपास खाण्याचं मीठ पडू लागतं. मॅग्नेशियमचे कडू क्षार उरलेल्या पाण्यात राहतात आणि ते पाणी मिठागरवाले सोडून देतात. म्हणजे कॅल्शियम आधी गेलं, मॅग्नेशियम नंतर गेलं, हातात आलं ते नुसतं सोडियम क्लोराइड. ते पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. गोगलगायीला कवच बांधायला कॅल्शियम लागतं, कालवालाही. म्हणून टाकीसाठीचं तयार मिश्रण आरओच्या पाण्यात, लिटरला पस्तीस-अडतीस ग्रॅम, आणि रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता तपासून. बाष्पीभवनाने जे पाणी कमी होतं त्याची भरपाई मात्र एरवी गोड्या पाण्यानेच करायची, कारण मीठ उडत नाही.

मुंबईत हा सगळा व्याप मोठ्या प्रमाणावर सत्तर वर्षं चालला. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं. पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. समोरच्या समुद्राचं पाणी तिथल्या टाक्यांत खेळवलं जाई. २०१५च्या मार्चमध्ये नव्या रूपात, काचेच्या बोगद्यासह ते पुन्हा उघडलं आणि २०२०च्या टाळेबंदीत बंद झालं. पालघर-डहाणूच्या शाळांच्या सहली कित्येक वर्षं तिथे जात. समुद्राकाठची मुलं समुद्रातले मासे बघायला चर्नी रोडला जात, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. क्लाऊनफिश बघायचेच असतील तर आता ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने त्यांचं बीज तयार करण्याचं केंद्र चालवलंय. समुद्रातून ओरबाडलेल्या माशापेक्षा हॅचरीतला मासा कधीही बरा. सागरी शोभेचे बहुतेक मासे आजही समुद्रातूनच पकडले जातात आणि १९६०च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये त्यासाठी सायनाइड फवारलं गेलं. माशाला गुंगी आणायला फवारलेलं ते विष प्रवाळांनाही मारतं.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या २००१ साली आल्या. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला समुद्रघोडासुद्धा घरात ठेवता येत नाही. मुंबईच्या सागरी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडपावर प्रवाळाच्या अठरा लहान वसाहती सापडल्या. त्या २०२०च्या अखेरीस दुसरीकडे हलवायला वन विभागाची परवानगी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक लागले. तळहाताएवढ्या वसाहतींसाठी एवढं सगळं. तिथे आपण छिन्नी घेऊन खडपावर जायचा प्रश्नच येत नाही. आणखी एक सावधगिरी कायद्याबाहेरची: गुच्छाने वाढणाऱ्या, बटणासारख्या झोअँथस जातींपैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं. ते जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. असा दगड ‘स्वच्छ’ करायला उकळल्याने त्या वाफेने अख्खी घरं इस्पितळात गेल्याच्या नोंदी परदेशांत आहेत. शंकूच्या आकाराच्या शंखातल्या विषारी कोन गोगलगायीसुद्धा हातात घेऊ नयेत.

मग उरतं कोण? नेरिटा गोगलगायी दहा-बारा. शंखात राहणारे लहान खेकडे चार-पाच, त्यांच्यासाठी वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख जास्तीचे, नाहीतर मोठं घर मिळवायला ते एकमेकांना ओढून काढतात. ओहोटीच्या डबक्यातले गोबी जातीचे दोन बारीक मासे, दगडाच्या रंगाचे, जे ओळखायलाच आठवडा जातो. दगडावर आपोआप उगवणारं शेवाळ. पापलेट नको. सातपाटीचं नाव त्याने गाजवलं, २०२३च्या सप्टेंबरमध्ये तो राज्यमासाही झाला, पण तो उघड्या पाण्यात थव्याने फिरणारा, जाळ्याला घासला तरी अंग खरचटणारा मासा आहे. काचेच्या भिंती त्याच्यासाठी नाहीत.

खाणं घरातलंच. सकाळी बाजारात आलेला ताजा जवळा धुऊन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा, चिमूटभर तुकडा दोन दिवसांआड. सुका जवळा नको, त्यात मीठ असतं आणि तो पाण्यात चुरा होऊन सडतो. हौशी माणूस टाकी उपासाने मारत नाही, जेवण घालून मारतो.

उन्हाळा पहिली परीक्षा. मे महिन्यात घरातल्या टाकीचं पाणी बत्तीस अंशांवर जातं आणि गरम, खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. प्रवाळवाले इथे चिलर लावतात. आपल्या जिवांनी ओहोटीच्या डबक्यात याहून गरम दुपारी काढलेल्या असतात, त्यांना चिलर लागत नाही. टाकीवर टेबलफॅन आणि जोराचे बुडबुडे पुरतात. स्थानिक नमुना निवडण्याचा हा रोख फायदा.

पावसाळ्यात मतभेद होतील. पुस्तकं सांगतात क्षारता वर्षभर एकच ठेवा. पण जूनमध्ये सूर्या आणि वैतरणा भरून वाहू लागल्या की या किनाऱ्यालगतचं पाणी खरोखर गोडसर होतं, खाड्यांत तर क्षारता निम्म्याखालीही येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या काठावर ओढलेल्या असतात, कोळंबी खाडीत वाढत असते. शिरगावच्या टाकीत हा ऋतू आलाच पाहिजे असं माझं मत. रोज अर्धा-पाऊण लिटर खारं पाणी काढून तितकंच गोडं घालत जुलैअखेरपर्यंत क्षारता पस्तीसवरून पंचवीस-सव्वीसपर्यंत खाली आणायची, घाईने नाही. गोगलगायी आणि खेकडे हे सहन करतात. गोबीही करतात, कारण त्यांच्या आजोबांनीही हेच केलं. नारळी पौर्णिमेनंतर दिशा उलटी: बाष्पीभवनाची भरपाई थोड्या खाऱ्या पाण्याने करत क्षारता चढवायची. दिवाळीपर्यंत ती पुन्हा पस्तीसवर येते. मग फराळाला पाहुणे यायच्या आत पुढची काच पुसून घ्यावी. बाकीच्या तीन काचांवरचं शेवाळ गोगलगायींच्या मालकीचं आहे, त्याला ब्लेड लावू नये.